आधी कोबा, मग लिफ्ट

मागच्या वर्षी एका शनिवारी सकाळी साडेसातला दादाचा फोन. "उठलास का? लिफ्ट आलीये. ये की लवकर, दोघंचौघं लागतील."

दादा म्हणजे सख्खा नव्हे. आमच्याच कोल्हापूरचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, इकडे डॅलसच्या उत्तरेला घर घेऊन स्थायिक झालेला. आठवडाभर डेटाबेस सांभाळतो आणि शनिवार-रविवार गाड्यांखाली झोपतो. एक जुनी पिकअप, एक त्याहून जुनी होंडा, आणि वहिनींची गाडी, जिला हात लावायला त्याला बंदी आहे. तर या दादाने दोन खांबांची लिफ्ट मागवली होती. गाडी खालून चार हातांवर धरून डोक्याच्या वर उचलणारी, आपण मोठ्या गॅरेजात बघतो तसली. तिची किंमत, वाहतूक, वायरिंग धरून साडेचार हजार डॉलर गेले होते. वहिनींचं मत मी विचारलं नाही, चहा देताना त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं.

दादाची तयारी मात्र मानली पाहिजे. पठ्ठ्याने छताची उंची मोजली होती, दहा फूट. होंडा पावणेपाच फूट उंच, म्हणजे ती जेमतेम पाच फूट वर जाणार, हे गणित कागदावर मांडलेलं. दरवाजाचं शटर वर गेल्यावर कुठे येतं ते बघून त्याचे रूळ वर सरकवून घेतलेले. लिफ्टच्या मोटरसाठी २२० व्होल्टची वेगळी लाइन, शहराची परवानगी काढून, इलेक्ट्रिशियनकडून. भाड्याचं हॅमर ड्रिल आणून ठेवलेलं. जमिनीवर खडूने खांबांच्या जागा आखलेल्या.

आणि त्या खडूच्या रेघेपासून सहा-सात फुटांवर, शटरच्या उंबऱ्याशी, काँक्रीट ओलं असताना उमटवलेली अक्षरं होती. वर तेलाचे डाग, धूळ, मुलांच्या सायकलींचे ओरखडे. पायाने पुसली तेव्हा वाचता आली. पोस्ट टेन्शन स्लॅब. कापू नका, भोक पाडू नका.

"दादा, हे वाचलंस का?"

"अरे ते प्रत्येक घरात असतंय. चार इंच तर भोक पाडायचंय. काय होत नाही."

इथून आमचं वाजलं.

पोस्ट टेन्शन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. उत्तर टेक्सासच्या बऱ्याच भागात जमीन काळी, चिकणमातीची आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या काळ्या मातीची चुलत बहीणच म्हणा. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात. अशा जमिनीवर साधा कोबा घातला तर तोही तिच्याबरोबर वरखाली होऊन फुटतो. म्हणून इकडे घराच्या पायाच्या स्लॅबमधून पोलादी केबल टाकतात आणि काँक्रीट घट्ट झालं की त्या ताणून कडेला अडकवून ठेवतात. एकेका केबलमध्ये सुमारे ३३,००० पाउंड, म्हणजे साधारण १५ टनांचा ताण. केबल आत ओढतात, त्यामुळे काँक्रीट कायम दाबलं गेलेलं राहतं आणि सहजी फुटत नाही. आता या ताणलेल्या केबलवर हॅमर ड्रिल चालवलं तर? केबल तुटली की ती उसळून काँक्रीट फोडून बाहेर येऊ शकते. समोरच्या माणसाला इजा होऊ शकते आणि घराच्या पायातला एक धागा कायमचा गेला तो गेलाच.

हे झालं भोक पाडण्याचं. भोक सुखरूप पडलं तरी पुढे प्रश्न आहेच, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडीचं वजन खांबांच्या मधोमध असतं, खांबांवर नाही. भरलेली बादली हात लांब करून धरून बघा. वजन हातात असतं पण कंबर आणि पाय बोंबलतात. तसंच हे. दोन्ही खांब सतत आत, एकमेकांकडे वाकू बघतात आणि त्यांना उभं धरतात ते तळाच्या प्लेटमधले पाऊण इंची अँकर बोल्ट. ते बोल्ट कशाला धरून असतात? चार इंच काँक्रीटला. म्हणजे दहा हजार पाउंडाची लिफ्ट वगैरे जे खोक्यावर छापलेलं असतं ते पोलादापुरतं खरं. तुमच्या घरातली लिफ्ट तुमच्या कोब्याइतकीच मजबूत.

म्हणून मॅन्युअलमध्ये काँक्रीटबद्दल पानभर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी किमान चार ते सव्वाचार इंच जाडी, काही मॉडेलना सहा. ताकद ३००० पीएसआय. नवीन ओतलं असेल तर २८ दिवस थांबा. भेगेजवळ, सांध्याजवळ, कडेजवळ बोल्ट नको. हे पान लोक वाचत नाहीत. दादाने वाचलं होतं, आणि "नवीन घर आहे, चार इंच असणारच" म्हणून पुढे गेला होता. छत दिसतं म्हणून मोजलं. व्होल्ट मीटरवर दिसतात म्हणून मोजले. कोबा दिसतो पण त्याच्या आतलं दिसत नाही, म्हणून तो गृहीत धरला. आमच्या धंद्यातही हेच चालतं. वरची स्क्रीन दहा जण तपासतात, खालचा सर्व्हर "चालूच आहे की" म्हणून कोणी बघत नाही. फरक इतकाच की आम्ही रात्री दोनला उठून जुनं व्हर्जन परत चढवू शकतो. दीड टनाची गाडी खाली आल्यावर जुनं व्हर्जन मिळत नाही.

गंमत बघा. गाडीची हायड्रॉलिक लिफ्ट आणली ती मेम्फिसच्या पीटर लुनाटीने, १९२५ साली. न्हाव्याची खुर्ची वरखाली होताना बघून त्याला सुचली असं सांगतात. ती जमिनीतली लिफ्ट होती, पिस्टन खाली गाडलेला. बसवायची म्हणजे खणावंच लागायचं, त्यामुळे जमिनीचा विचार टाळताच यायचा नाही. आजची लिफ्ट ट्रकमधून घरपोच येते आणि कोब्यावर उभी राहते. सोय झाली, पण जमीन "ग्राहकाची जबाबदारी" होऊन बसली. गॅरेजचा धंदा असेल तर निदान वर्षातून एकदा जाणकाराकडून लिफ्ट तपासून घ्यावी असं इथलं मानक सांगतं. घरच्या गॅरेजात कोण येतंय बघायला? तिथे इन्स्पेक्टर आपणच.

आता मी इतका हट्टाला का पेटलो, तेही सांगतो. पदवी माझी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. जे काही पोलाद कळतं ते कॉलेजात नाही, काकांच्या गॅरेजात कळलं, कोल्हापुरात उद्यमनगरात. काकांकडे लिफ्ट नव्हती. खड्डा होता, आणि जॅक. मी सातवीत असताना एका संध्याकाळी घाईच्या गिऱ्हाइकाची जीप जॅकवर घेऊन काका चाकामागे हात घालून बसले होते. खालची जमीन नुकत्याच बुजवलेल्या चराची. जॅकला काही झालं नाही, तो शेवटपर्यंत ठीक होता. त्याच्याखालची जमीन बसली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर प्रत्येक गाडीखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय ते कोणाला बसू देत नसत आणि जॅक लावण्याआधी जमिनीवर टाच आपटून बघत. आम्ही पोरं हसायचो.

हे मी दादाला त्या दिवशी सांगितलं नाही. त्याच्या गॅरेजात, त्याच्या मित्रांसमोर, "ड्रिल लावलंस तर मी निघालो" एवढंच म्हणालो. तो चिडला. "इंजिनिअर झालास म्हणून शिकवू नकोस" वगैरे झालं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, एक आठवडा थांबलात तर काय बिघडणार आहे?" ड्रिल परत गेलं. पुढचे दोन आठवडे दादाचा फोन नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याने एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्याने रडारने स्लॅब स्कॅन केला. उजव्या खांबाच्या खडूच्या चौकोनातून एक केबल आरपार गेलेली निघाली. जाडी चार इंचांच्या आसपास, म्हणजे काठावर. त्याचं मत स्पष्ट होतं: या स्लॅबला ही लिफ्ट बांधू नका. स्लॅबचा तेवढा भाग काढून खाली वेगळा पाया घ्यायचा तर आधी केबलचा ताण उतरवावा लागतो आणि तो खर्च ऐकून दादाच गप्प झाला. लिफ्ट परत गेली, कपात आणि वाहतूक धरून बारा-तेराशे डॉलरचा फटका बसला.

आता कोणी म्हणेल, बघा, म्हणूनच हे श्रीमंती चोचले करू नयेत. मला ते मान्य नाही. घरी गाडीचं काम करणारा माणूस लिफ्ट नसेल तर काय करतो? जॅकवर उचलून, स्टँड लावून, पाठीवर झोपून खाली सरकतो. छातीवर दीड टन आणि नाकापासून सहा इंचांवर सायलेन्सर. ते स्टँडही देवाने दिलेले नसतात. २०२० साली अमेरिकेत दहा लाखांहून जास्त जॅक स्टँड परत मागवले गेले, कारण त्यांची खाच भाराखाली सुटू शकत होती. आपल्याकडचा खड्डा घ्या, तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यातच साठते. त्यामानाने नीट बसवलेली लिफ्ट कितीतरी सुरक्षित. पंप बंद करून गाडी लॉकच्या दातांवर टेकवली की मग ती तेलाच्या दाबावर नसते, पोलादावर बसलेली असते. वर उचललेली गाडी लॉकवर न टेकवता खाली जाणारे महाभाग आहेत, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की क्रम बदला. आधी लिफ्ट निवडून मग ती कुठे बसते हे बघू नका. आधी कोबा. पोस्ट टेन्शन आहे का, हे घराच्या कागदांत आणि गॅरेजच्या उंबऱ्याशी बघा. नसेल तर जाडी मोजून घ्या, भेगा बघा. शंका असेल तर इंजिनिअरला चारपाचशे डॉलर द्या, परतीच्या वाहतुकीपेक्षा ते स्वस्त पडतात. मग छत, मग वीज, मग प्रमाणपत्र असलेली लिफ्ट, आणि रंग सगळ्यात शेवटी. कोबा "नाही" म्हणाला तर ते उत्तर म्हणून घ्या. त्याच्याशी वाद घालू नका.

दादाने शेवटी दोन चौकटींची सुटी लिफ्ट घेतली. बोल्ट लागत नाहीत, गाडी पावणेदोन फूट वर जाते, लॉकला दांडे आहेत. उभं राहून काम करता येत नाही, पण ब्रेक आणि ऑइलला पुरते. गेल्या रविवारी पहिल्यांदा वहिनींची गाडी तिच्यावर चढवायची परवानगी मिळाली. काकांची गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली. तो काही बोलला नाही. गाडी वर घेण्याआधी त्याने चौकटीशेजारच्या कोब्यावर एकदा टाच आपटली. यावेळी मी हसलो नाही.