मूळ गाण्याची सत्यप्रत

कलेच्या चर्चेत 'शुद्ध' हा शब्द कोणी उच्चारला की सुज्ञाने आधी एक प्रश्न विचारावा : शुद्ध म्हणजे कोणत्या सालचे? हा प्रश्न न विचारता निवाडे दिले म्हणजे काय गोंधळ होतो, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील कंट्री संगीताच्या प्रांतात आहे. केंटकी राज्यात जन्मलेला गायक स्टर्जिल सिम्प्सन याने २०२० च्या ऑक्टोबरात 'कटिन ग्रास' या ध्वनिमुद्रिकेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. तीत आहेत ती वीसही गाणी त्याने पूर्वी गायिलेलीच. फक्त या वेळी ती बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि बास यांच्या साथीने, ब्लूग्रास पद्धतीने पुन्हा मांडलेली आहेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरा भागही आला.

अशा ध्वनिमुद्रिकेवर दोन प्रकारचे अभिप्राय ठरलेले असतात. स्तुती करणारे म्हणतात, वाट चुकलेला गायक घरी परतला. आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, 'साउंड अँड फ्युरी'मध्ये विजेच्या गिटारींचा जो कल्लोळ त्याने केला होता, तो धुऊन निघाला. निंदा करणारे म्हणतात, नवे सुचेनासे झाले म्हणून शिळ्या कढीला ऊत आणला. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचा भ्रम एकच आहे. गाण्याचे एक आणि एकच खरे रूप असते, बाकीची त्याची विकृती किंवा नक्कल, असे दोघेही गृहीत धरतात. माझा विरोध या गृहीताला आहे.

प्रथम स्तुतिपाठकांकडे वळू. ज्या ब्लूग्रासला ते डोंगरातला अनादि झरा समजतात, त्याचे वय तरी किती? त्याचा जनक बिल मन्रो हा १९११ साली केंटकीतील रोझीन येथे जन्मला. 'ब्लू ग्रास बॉइज' हा त्याचा वाद्यवृंद १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या आकाशवाणी कार्यक्रमात दाखल झाला. अर्ल स्क्रग्ज आपली तीन बोटांनी बँजो छेडण्याची विलक्षण पद्धत घेऊन त्यात आला तो १९४५ च्या अखेरीस. आणि त्या वृंदाच्या नावावरूनच पुढे या संगीतप्रकाराला नाव मिळाले. म्हणजे आपला 'अयोध्येचा राजा' हा १९३२ चा बोलपट या 'सनातन' संगीताहून वयाने वडील ठरतो!

आणि घटक तरी कोठले? बँजो हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतले. मँडोलिनचे घराणे इटलीचे. फिडलवरच्या कित्येक चाली स्कॉटलंड-आयर्लंडच्या. खुद्द मन्रोने आपल्यावरील ज्या संस्कारांचे ऋण मानले, त्यांत अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा संस्कार मोठा होता. एवढ्या संगमातून निघालेल्या प्रवाहाला 'निर्भेळ' म्हणणे म्हणजे प्रयागाला जाऊन केवळ यमुनेचेच पाणी मागण्यासारखे आहे.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणा वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मन्रोने हे संगीत गावच्या पारावर बसून घडविले नाही. तरुणपणी तो पोटासाठी उत्तरेस शिकागोच्या परिसरात गेला, तेथे तेलशुद्धीच्या कारखान्यात राबला, आणि पुढे एका आकाशवाणी केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे हिंडत त्याने आपला वृंद सिद्ध केला. सिम्प्सनही आधी आरमारात होता. नंतर यूटा राज्यात त्याने रेल्वेची नोकरी केली. ज्याला आपण 'मातीचे संगीत' म्हणतो ते अनेकदा माती सुटलेल्या माणसानेच घडविलेले असते. जो गाव सोडून कधी गेलाच नाही त्याला गावाचे गाणे मुद्दाम घडविण्याची निकड कशाला भासावी?

यावर कोणी म्हणेल, वय थोडे का असेना, पण एकदा ठरलेले रूप तरी पाळावे की नाही? याचे उत्तर मन्रोनेच देऊन ठेवले आहे. 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे त्याचे गाणे १९४६ मध्ये तीन ठोक्यांच्या संथ लयीत मुद्रित झाले. १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली या कोवळ्या तरुणाने ते चार ठोक्यांच्या उडत्या चालीत म्हटले. आद्य प्रवर्तकाने त्यावर बहिष्कार पुकारला काय? मुळीच नाही. त्याच वर्षी त्याने आपले गाणे पुन्हा मुद्रित केले : आरंभ जुन्या संथ लयीत, आणि मग त्या पोराच्या द्रुत लयीत! प्रवर्तक स्वतः जे करतो ते अनुयायांना पाखंड वाटावे, हा सोवळेपणाचा नेहमीचाच विनोद आहे.

आता निंदकांचा शिळ्या कढीचा आक्षेप. तो पहिल्याइतका पोकळ नाही. केवळ वाद्ये बदलली म्हणजे गाणे नवे होत नाही, हे मला मान्य आहे. आणि या वीसांतली सगळीच गाणी नव्या वेषात सारखी खुलत नाहीत, काही तर एकाच वेगाच्या ओघात वाहून जातात, हेही मी नाकारीत नाही. परंतु 'ऑल अराउंड यू' घ्या. २०१६ च्या ध्वनिमुद्रिकेत त्याला पितळी सुषिर वाद्यांचा भरघोस आधार होता. येथे तो काढून घेतला आहे. ब्लूग्रासच्या रूढ मेळात ड्रम नसतो. मँडोलिनचा तुटक आघातच ताल धरतो, आणि प्रत्येक वाद्य आपली पाळी आली की थोडके बोलून बाजूला सरते. सिएरा हलचे मँडोलिन आणि स्टुअर्ट डंकनचे फिडल यांच्यासारखी साथ असली तरी ती गाण्याचे वैगुण्य झाकीत नाही, उलट ते उघडे पाडते. शब्द, चाल आणि गळा एवढ्यावर गाणे उभे राहिले तर राहिले. स्वतःच्या रचनेला अशा परीक्षेस बसविणे हे आळशी माणसाचे काम नव्हे.

या संग्रहातील एका गाण्याचे नाव 'टर्टल्स ऑल द वे डाउन' असे आहे. पृथ्वी कासवाच्या पाठीवर, ते कासव दुसऱ्या कासवाच्या, आणि असेच खाली खाली, ही कल्पना त्या नावामागे आहे. मुळांचा शोध घेणाऱ्यांना याहून समर्पक उत्तर नाही. प्रत्येक मुळाखाली दुसरे मूळ असते. आपण जेथे दमतो तेथे 'अस्सल' अशी पाटी ठोकतो.

ही केवळ परदेशाची गोष्ट नाही. आम्ही कारकून मंडळी दिवसभर मूळ कागदाशी ताडून सत्यप्रतीवर शिक्के मारतो. संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमालाही तोच शिक्का खिशात घालून जातो. एखाद्या मुलीने नाट्यपदातली एक जागा निराळी घेतली की पहिल्या रांगेत कुजबुज सुरू होते : 'तबकडीत असे नाही.' परंतु 'स्वयंवर' नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशीच नाट्यपदांच्या साच्यात बसविल्या होत्या. त्या वेळी असा शिक्का चालला असता तर आज आपण जे जपू पाहतो ते जन्मासच आले नसते.

घरापासून दूर राहणाऱ्याला घर जसेच्या तसे हवे असते, ही भावना मी जाणतो. पण त्या भावनेच्या पायी आपल्या मुलांवर आपण केवळ नक्कल उतरवून घेण्याचे काम लादीत आहोत, आणि ती मुले कंटाळून सभागृहाबाहेर उभी राहू लागली की संस्कृती बुडाली म्हणून हळहळतो आहोत. तेव्हा मंडळाच्या व्यासपीठावर कोणी जुने पद नव्या अंगाने म्हणू लागेल त्या वेळी 'हे मुळाप्रमाणे आहे काय?' असे विचारू नका. 'हे गाणे आता उभे राहिले काय?' एवढेच विचारा. राहिले असेल तर दाद द्या. राहिले नसेल तर तसे स्पष्ट सांगा. परंतु शिक्का मात्र कचेरीच्या खणातच ठेवून या.