ब्रेक सुधारला तर गुन्हा, बिघडला तरी पासिंग

मंडळी, पोस्ट मोठी आहे. गाडीतलं काही कळत नसलं तरी वाचा, कारण त्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणारे आपणच असतो.

गेले काही दिवस आपल्या भागातल्या गॅरेजवाल्यांची रील्स जोरात फिरताहेत. जुनी मारुती ८०० किंवा सुरुवातीची अल्टो घ्यायची, पुढची दोन्ही चाकं उघडायची आणि मोठ्या गाडीचं सामान चढवायचं. नकल, हब, डिस्क, कॅलिपर, शॉकअप, सगळं भंगारात कापलेल्या गाडीचं. खाली कमेंटमध्ये दोन टोळ्या. एक म्हणते, "जबरदस्त भाऊ, रेट सांगा." दुसरी म्हणते, "बेकायदेशीर आहे, गाडी जप्त करा." माझं म्हणणं, दोन्ही टोळ्या चुकताहेत. हे काम चांगलं झालंय की जीवघेणं, हे तपासून कागदावर लिहून देणारी यंत्रणाच आपल्याकडे नाही. भांडायचं असेल तर त्यावर भांडा.

आधी लोक हे का करतात ते बघू. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ च्या जानेवारीत. १२ इंची चाक, हलकी गाडी, आणि कित्येक जुन्या ८०० ना तर ब्रेक बूस्टरसुद्धा नव्हता, सगळी भिस्त पायाच्या जोरावर. तेव्हाच्या रस्त्यांना आणि तेव्हाच्या वेगाला ते पुरत होतं. आज तीच गाडी चौपदरी हायवेवर ट्रकच्या पुढे-मागे नव्वदने पळते. साधं गणित आहे: वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. साठचा नव्वद केला की ब्रेकवर सव्वादोन पट ओझं. आणि पुढच्या नव्या गाडीला एबीएस असतं. २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. ती जागेवर थांबते, मागची ८०० थांबत नाही.

"मग नवी गाडी घ्या की," असं म्हणणारे शहाणे प्रत्येक पोस्टखाली येतात. ही गाडी कोण वापरतं ते बघा. पहाटे डेअरीला दूध घालणारा, प्लंबर, वीजतंत्री, निवृत्त गुरुजी, आईला डायलिसिसला घेऊन जाणारा पोरगा. त्यांच्याकडे जुन्या अल्टोला पर्याय म्हणजे नवी कार नसते, मोटारसायकल असते. तिच्यावर तिघं बसणार. कुठलं जास्त सुरक्षित, तुम्हीच सांगा.

आता कामाकडे. इथे गॅरेजवाल्या मित्रांना राग येईल, येऊ दे.

मोठी डिस्क लावली म्हणजे ब्रेक सुधारला, हा समज अर्धवट आहे. गाडी थांबवतो टायर. ब्रेक फक्त चाक थांबवतो. टायरची पकड आहे तेवढीच राहिली, तर मोठा ब्रेक चाक लवकर लॉक करणार, बाकी काही नाही. पुढचं चाक लॉक झालं की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, गाडी सरळ घसरत जाते. मोठ्या ब्रेकचा खरा फायदा वेगळा आहे. तो उशिरा तापतो. कुंभार्ली घाटात हेळवाकहून पोफळीकडे चार माणसं आणि सामान घेऊन उतरणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. अर्ध्या घाटात पेडल मऊ पडतं, जळका वास येतो, पाय खाली जात राहतो. तिथे जाड डिस्क आणि मोठा पॅड जीव वाचवू शकतो. फायदा आहे, म्हणूनच लोक करतात. त्यांना वेडे म्हणू नका.

पण बहुतेकांना त्याचीही गरज नसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा निकष आहे. पाणी मुरलेल्यासाठी तोच निकष १४० वर येतो. डॉट ४ घेतलं तर २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. कित्येक गाड्यांत गाडी घेतली तेव्हाचंच ऑइल असतं, काळं, चहासारखं. त्यात मागचे ड्रम ॲडजस्ट केलेले नाहीत, रबरी होज फुगलेल्या, कॅलिपरची पिन गंजून अडकलेली. हे सगळं नीट करायला भंगारातली गाडी शोधावी लागत नाही, थोडे पैसे आणि एक दिवस लागतो. जो गॅरेजवाला हे न बघता थेट "मोठा सेट टाकू" म्हणतो, त्याच्या दारातून गाडी माघारी आणा.

आणि खरंच सेट टाकायचा असेल, तर तो पूर्ण टाकावा लागतो. समजा जुन्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा होता आणि नवा ५४ चा आला. आकड्यात फरक सहाचा दिसतो, पण पिस्टनचं क्षेत्रफळ सव्वापटीहून जास्त वाढतं. म्हणजे पुढच्या ब्रेकला तेवढंच जास्त ऑइल ढकलायला हवं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जाणार. मोठा मास्टर सिलिंडर टाकला तर पेडल कडक होणार, मग बूस्टर हवा. पुढचं वाढवलं की मागच्याशी असलेला मेळ बिघडतो. पुढची चाकं आधी लॉक होणं वाईट, मागची आधी होणं त्याहून वाईट, कारण मग गाडी गर्रकन फिरते. हा मेळ कंपनीचे इंजिनिअर महिनोन् महिने चाचण्या घेऊन बसवतात. आपल्याकडे तो "चालतंय की" म्हणून बसवला जातो.

नकल बदलणं तर आणखी नाजूक. स्टिअरिंगचा टाय रॉड ज्या हाताला जोडतो, तो हात नकललाच असतो. दुसऱ्या गाडीच्या नकलचा हात अर्धा इंच वर-खाली असला, तरी खड्ड्यात चाक उचललं की गाडी स्वतःहून एका बाजूला ओढते. ड्रायव्हरला वाटतं अलाइनमेंट गेलं. तो तीनदा अलाइनमेंट करून घेतो, पैसे घालवतो, ओढ जात नाही, कारण दोष जोडणीतच असतो. बॉल जॉइंटची पिन निमुळती असते. ती नव्या नकलमध्ये तंतोतंत बसली नाही तर वॉशर घालून, नट आवळून भागवतात. शॉकअपच्या बोल्टचं अंतर जुळत नाही म्हणून भोक रेतीने मोठं करतात. मी डोळ्यांनी बघितलेली गोष्ट सांगतो: लोअर आर्मला वेल्डिंग केलेलं होतं आणि वर काळा रंग मारला होता. दाखवणारा कौतुकाने दाखवत होता.

चाकाचंही तसंच. मोठी डिस्क १२ इंची रिममध्ये मावत नाही म्हणून १३ इंची रिम येते. १४५/७० आर १२ काढून १४५/७० आर १३ टाकला की चाकाचा व्यास ५ टक्के वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळत असते, आणि मोठं चाक थांबवायला ब्रेकला जोरही जास्त लागतो. मिळवलेल्यातलं थोडं इथेच गेलं. त्यात पोरं गाडी "खाली बसवायला" स्प्रिंग गॅस कटरने कापतात. त्या उष्णतेने स्प्रिंगचं पाणीच उतरतं. याला सुधारणा म्हणू नका, ही लग्नाच्या वरातीची सजावट आहे.

म्हणजे एकाच नावाखाली दोन कामं चालली आहेत. एक कारागीर एकाच गाडीची दोन्ही बाजूंची जोडी आणतो, बेरिंग, बॉल जॉइंट आणि होज नवे टाकतो, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणला जातो का बघतो, मास्टर सिलिंडर जुळवतो, रिकाम्या रस्त्यावर दहा वेळा ब्रेक मारून बघतो. दुसरा रेती आणि वेल्डिंगवर भागवतो. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. आणि कायद्याच्या नजरेतही सारख्याच.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीमधली माहिती आणि कंपनीने मूळ ठरवलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला बदल केला, दुसरे पार्ट बसवले, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, किंवा दोन्ही. पण कलम ५२ मध्येच 'बदल' म्हणजे काय तेही दिलंय: रचनेतला असा बदल, ज्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता सांगा, कॅलिपर बदलल्याने मूळ वैशिष्ट्य बदलतं का? आरसीवर इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो, रंग असतो. डिस्कचा व्यास कुठे असतो? हा प्रश्न मी एका कार्यालयात तीन टेबलांवर विचारला. पहिला म्हणाला चालतं, दुसरा म्हणाला अजिबात नाही, तिसऱ्याने चहा मागवला. लिहून कुणीच दिलं नाही.

आणि तपासणीचं म्हणाल तर ऐका. खासगी गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने लागतं. ब्रेक सरकार बघतं ते पंधरा वर्षं झाल्यावर, नोंदणीचं नूतनीकरण करताना, मग दर पाच वर्षांनी. २०२२ च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजार झाली. वर पर्यावरण कर. पैसे वाढले, तपासणी किती वाढली ते पासिंगच्या रांगेत उभं राहून बघा. मैदानात गाडी दहा-वीस फूट पुढे, ब्रेक, चेसिस नंबरचा ठसा, पुढचा. एजंट सोबत असेल तर दहा फूटही कशाला. ब्रेक ऑइल काळं असलेली, ड्रम गुळगुळीत झालेली गाडी पास होते, कारण ती "ओरिजिनल" आहे. ब्रेक नीट बसवून आणलेला माणूस मात्र चोरासारखा उभा राहतो.

अपघातात माणूस मेला की मात्र मोटार वाहन निरीक्षक येतो, गाडी तपासतो, ब्रेक चालू होते का ते लिहितो. तो अहवाल कोर्टाच्या फाइलीत जातो आणि पेपरात छापून येतं "चालकाचा ताबा सुटला". म्हणजे ब्रेक तपासता येतो, तपासणारा माणूस आहे, फॉर्मसुद्धा आहे. फक्त मेल्यावर.

"परवानगी दिली तर सगळे वाट्टेल ते करतील," असं काहींचं म्हणणं. सीएनजीचं काय केलं मग? गाडीत गॅसची टाकी बसवायची, याहून धोक्याचं काम कुठलं? तरी त्याला रस्ता आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र, तपासणी, आरसीवर नोंद. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायलाही रस्ता आहे. जर्मनीत असा बदल केला की तपासणी संस्थेचा इंजिनिअर गाडी बघतो, पटलं तर कागदपत्रांत नोंद होते, नाही पटलं तर उलटी बसवून आणा म्हणतो. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय बसली आहे, देशभरातल्या कंपन्यांच्या गाड्या तिथे तपासल्या जातात. अक्कल राज्यातच आहे. ती तालुक्यापर्यंत उतरत नाही.

मागणी फार मोठी नाही. जुन्या चार-पाच मॉडेलसाठी कुठल्या गाडीचा कुठला सेट, कुठल्या मास्टर सिलिंडरसोबत, कुठल्या टायरवर चालेल, याची एक यादी एआरएआयने करून द्यावी. काम झाल्यावर गाडी रोलरवर घालून चारही चाकांचा ब्रेक मोजावा, आरसीवर नोंद करावी. पार्ट बिलाचा असावा. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आणली आहेत. काढलेली नकल आणि कॅलिपर तिथून तपासून, बिलासकट मिळाले तर चोरीच्या गाड्या कापणाऱ्यांचं दुकानही जरा थंडावेल. आणि वेल्डिंग केलेला लोअर आर्म दिसला तर मालकाला ५ हजार लावताना ते करणाऱ्या गॅरेजलाही सोडू नका. आज दंड मालकाला, कारण गाडी त्याच्या नावावर.

तोवर ज्यांनी काम केलंय त्यांनी विमा कंपनीला लेखी कळवा. कळवलं नाही तर दाव्याच्या वेळी हाच बदल आडवा येतो. तेव्हा रीलवाला भाऊ फोन उचलत नाही.

माहिती अधिकारात अर्ज तयार करतोय. प्रश्न तीन: ब्रेक आणि सस्पेन्शनचे पार्ट बदलणं कलम ५२ खाली 'बदल' ठरतं का, हो असेल तर परवानगीची पद्धत काय, आणि नूतनीकरणाच्या तपासणीत ब्रेक कुठल्या यंत्रावर मोजला जातो. अजून काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. असं काम केलेल्या गाडीचे फोटो असतील तर इनबॉक्सला पाठवा, चांगल्या कामाचेही आणि वेल्डिंगचेही. नंबर प्लेट झाकून पाठवा. सोमवारी अर्ज टाकतो.