नातवंडांना नियम सांगतो, गोष्ट का नाही?



सुट्टीत परदेशातली नातवंडं आली की आपण त्यांना नेमगिरीला नेतो. एवढ्याशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती दाखवतो, णमोकार म्हणवून घेतो, फोटो काढतो. कांदा-बटाटा नाही, रात्री जेवायचं नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, हेही सांगतो. माझ्या मते एवढ्याने भागत नाही.

यंदा माझी नऊ वर्षांची नात अमेरिकेहून येताना एक चित्रांचं पुस्तक घेऊन आली. ‘वॉटरक्रेस’ त्याचं नाव. लेखिका अँड्रिया वँग, चित्रं जेसन चिन यांची. २०२२ मध्ये त्याला तिकडचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला.

गोष्ट लहानशीच. चीनमधून अमेरिकेत आलेले आईवडील मुलांना घेऊन गाडीतून चाललेत. रस्त्याकडेच्या नाल्यात त्यांना वॉटरक्रेस ही पाण्यात वाढणारी पालेभाजी दिसते. गाडी थांबवून सगळे चिखलात उतरतात आणि भाजी तोडतात. कुणी बघेल म्हणून मुलगी लाजेने अर्धी होते. रात्री ती भाजी खायलाही नाही म्हणते. तेव्हा आई आपल्या माहेरचा जुना फोटो आणते आणि चीनमधल्या उपासमारीत गेलेल्या धाकट्या भावाबद्दल सांगते. मुलीला आपल्या लाजेचीच लाज वाटते. ती भाजी खाते.

नातीने मोडक्यातोडक्या मराठीत हे सांगितलं आणि विचारलं, “आजी, तू कधी उपाशी होतीस का?”

“नाही गं” असं अगदी ओठावर आलं होतं. लग्न झाल्यापासून तेच म्हणत आले.

१९७२ च्या दुष्काळात मी पाचवीत होते. विहीर आटली, घरातली ज्वारी संपली. अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी आम्ही खाल्ल्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दिवस मावळायच्या आत घरी पोचली तर जेवायची, उशीर झाला तर तशीच झोपायची. सकाळी पुन्हा खडी.

सासरचं घर दुकानदाराचं. तिथे खडी फोडणारीची लेक म्हणवून घ्यायची मला लाज वाटायची. म्हणून लेकीलाही सांगितलं नाही. तिला फक्त ‘रात्री खायचं नाही’ एवढं शिकवलं, तिने तेच नातीला. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या जेवत असताना एकटीने बसून राहायचं, तर नुसत्या ‘नाही’च्या बळावर ती पोर किती दिवस बसेल?

कुणी म्हणेल, तिकडे पाठशाळा आहेत, मराठी शाळाही आहेत. आहेत, आणि चांगल्या आहेत. तिथे तीर्थंकर शिकवतील, अहिंसा शिकवतील. पण माझ्या आईची गोष्ट तिथे कोण सांगणार? कुणी म्हणेल, लहान मुलांना दुःखं कशाला सांगायची? पण विचारलं तर तिनेच होतं.

गोष्ट ऐकून नात सगळे नियम पाळेलच असं नाही. ते तिचं ती ठरवेल. पण काय सोडतोय किंवा काय धरतोय, हे तरी तिला कळेल.

मी सांगत होते तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “आई, मला का नाही सांगितलंस?” एवढंच म्हणाली. क्षमावाणीची वाट न बघता मी तिची क्षमा मागितली. मग तिघींनी मिळून ट्रंकेतून आईचा फोटो शोधून काढला. एकच आहे, माझ्या लग्नातला.

तुमच्याही ट्रंकेत असा एखादा फोटो असेल. नातवंडं परत जायच्या आत तो काढा आणि त्यामागचं सगळं सांगा, लपवलेलंसुद्धा.

जय जिनेंद्र.