लहरी जनतेच्या, मग रेंज कोणाची?

मोबाईलच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांचा मालकही कोणाला आठवत नाही. हा मालक म्हणजे या देशातील जनता. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात १९९५ सालीच सांगितले. २०१२ मध्ये याच न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले आणि लिलाव म्हणजेच न्याय, असा समज रूढ झाला. आम्हाला हा समज अपुरा वाटतो.

सर्व लहरी सारख्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ. साधा अँटेना लहरीच्या निम्म्या लांबीचा असतो. त्यामुळे आखूड लहरींसाठी एकाच पेटीत अनेक छोटे अँटेना बसवून झोत हवा तिकडे वळवता येतो. शहरातील गर्दीला ते सोयीचे आहे. पण या लहरी लवकर क्षीण होतात, भिंतीला अडतात. लांब लहरी दूरवर जातात, घरातही शिरतात. थोड्या टॉवरवर अनेक गावे जोडली जातात. म्हणूनच ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा हा खेड्यापाड्यांच्या हक्काचा पट्टा आहे.

त्याचे काय झाले? २०१६ च्या लिलावात सरकारने प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये राखीव किंमत लावली. एकही बोली आली नाही. २०२१ मध्येही तेच घडले. किंमत आणखी उतरवल्यावर २०२२ मध्ये तो विकला गेला. मधल्या काळात, २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरल्या, तेव्हा गावोगावची मुले रेंजसाठी टेकड्या चढत होती आणि त्यांच्याच मालकीचा पट्टा पडून होता!

लिलाव हाच एकमेव घटनात्मक मार्ग नाही, असे मत घटनापीठाने २०१२ मध्येच दिले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ख) ची कसोटी सामूहिक हिताची आहे, तिजोरीच्या भरतीची नव्हे. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ७ नुसार सबळ कारणाविना न वापरलेला स्पेक्ट्रम सरकार परत घेऊ शकते. हे कलम कागदावर राहू नये. कोणत्या कंपनीने कोणत्या वस्तीत कोणता पट्टा सुरू केला, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. आपल्या मालमत्तेचा हिशेब मागणे हा मालकाचा अधिकार आहे. तो ग्रामसभेत ठराव करून मागावा.