संमतीचा अंगठा

केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मोबाइल फोन बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांस एक आज्ञा धाडली होती. ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये नव्वद दिवसांच्या आत बसविलेले असावे आणि त्याचे कार्य कोणास बंद पाडता वा आखडता येऊ नये, असे तीत फर्माविले होते. बातमी फुटताच देशभर गदारोळ झाला, विरोधी पक्षांनी आणि नागरी स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनी सरकारला धारेवर धरले, आणि ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. लोकमताचा इतका रोकडा विजय अलीकडे विरळाच. त्याबद्दल आनंद मानावयास कोणाची हरकत नसावी. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. सरकारचा हुकूम फोन विकत घेणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्याआमच्या नावे निघालाच नव्हता; तो निघाला होता कंपन्यांच्या नावे. फोनमध्ये कोणी शिरावे आणि कोणी शिरू नये हे ठरविणारा खरा धनी कोण, हे सरकारला पुरते ठाऊक होते, एवढे त्या आज्ञेच्या पत्त्यावरून उघड होते.

हा धनी फोनच्या पाठीवर ज्याचे नाव कोरलेले असते तोच असतो असेही नव्हे. फोन कोरियन कंपनीचा असो की चिनी, त्याच्या आत चालणारी प्रणाली बहुधा गूगलची, म्हणजे अँड्रॉइड असते. आपल्या देशातील दर शंभर स्मार्टफोनांपैकी नव्वदांहून अधिक अँड्रॉइडवर चालतात. उरलेले बहुतेक अ‍ॅपलचे आयफोन. कोणतेही अ‍ॅप स्वतःच्या बळावर तुमचा कॅमेरा उघडू शकत नाही की तुमची छायाचित्रे पाहू शकत नाही. त्याला ती मागणी प्रणालीकडे करावी लागते, आणि मग प्रणाली तुम्हांस विचारते : परवानगी द्यावयाची की नाही? या एवढ्याशा प्रश्नावर हल्ली माणसाचा खासगीपणा अवलंबून आहे. हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, तो एकदाच विचारावा की पुनःपुन्हा, आणि मुळात विचारावा की नाही, हे दोन परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरते.

ही अतिशयोक्ती नव्हे. २०१२ सालापर्यंत आयफोनमधील कोणतेही अ‍ॅप मालकाला न विचारता त्याची कॉन्टॅक्टची सबंध यादी वाचू शकत असे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘पाथ’ नावाचे एक अ‍ॅप ती यादी गुपचूप आपल्या संगणकांवर नेत असल्याचे उघडकीस आले, बोभाटा झाला, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने त्या यादीपुढे परवानगीचा अडसर घातला. अँड्रॉइडवर तर २०१५ पर्यंत सगळा एकगठ्ठा व्यवहार होता. अ‍ॅप हवे असेल तर त्याच्या सर्व मागण्या आरंभीच मान्य करा. नसतील मान्य तर अ‍ॅप घेऊ नका. कुलूप कंपन्यांनी लावले याबद्दल त्यांचे आभार मानणाऱ्यांनी, तोपर्यंत दार उघडे कोणी ठेवले होते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

परवानगीचा हा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो हे आपल्याकडे झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी दाखवून दिले. करोनाच्या टाळेबंदीनंतर नोकऱ्या गेलेल्या, धंदे बसलेल्या लोकांस या अ‍ॅप्सनी जाळ्यात ओढले. कर्ज काही हजारांचे, मुदत सात किंवा पंधरा दिवसांची, आणि पैसे हाती पडण्यापूर्वीच ‘प्रोसेसिंग फी’च्या नावाखाली त्यांतून एक भलामोठा तुकडा कापलेला. ना दागिना गहाण, ना जामीनदार, ना घराचा उतारा. मग इतक्या अनोळखी माणसाला पैसे देण्याचे धाडस सावकार कशाच्या जोरावर करी? उत्तर त्या परवानगीत होते. अ‍ॅप उघडताच कॉन्टॅक्ट आणि फोटो पाहू देण्याची मागणी होई, गरजू माणूस अंगठा टेकवी, आणि सासऱ्यापासून साहेबापर्यंत त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाचा क्रमांक सावकाराच्या हाती पडे. हप्ता चुकला की वसुलीवाल्यांचे फोन त्या सर्वांस सुरू होत. ‘हा माणूस चोर आहे’ असे संदेश जात. विकृत केलेली छायाचित्रे नातेवाइकांत आणि कचेरीत फिरविली जात. या सावकारीत तारण होते, परंतु ते सोन्याचे नव्हते. कर्जदाराची अब्रूच गहाण पडलेली होती. मध्यमवर्गीय माणसाला अब्रूची काय किंमत वाटते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. २०२० च्या अखेरीस तेलंगणात या छळाला कंटाळून लोकांनी आत्महत्या केल्या, आणि ते लोण पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोचले.

रिझर्व्ह बँकेने २३ डिसेंबर २०२० रोजी जनतेला सावधगिरीचा इशारा दिला. तिने नेमलेल्या कार्यगटाने २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत ऐंशीहून अधिक अ‍ॅप-दुकाने धुंडाळली, तेव्हा तेथे कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप्स आढळली आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा निघाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेने मार्गदर्शक सूचना काढल्या : कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधील फायली, कॉन्टॅक्ट, कॉलची नोंद यांस हात लावता कामा नये, कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांची परवानगी खातेदाराची ओळख पटविण्यापुरती एकदाच घ्यावी. सूचना उत्तम होत्या. पण रिझर्व्ह बँकेची छडी तिच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनाच लागते. ज्या बदमाशांकडे परवानाच नव्हता त्यांस या सूचनांचे भय काय? त्यांची वाट एकच सत्ता अडवू शकत होती, ती गूगलची. वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटो यांची परवानगी मागताच येणार नाही असा नियम गूगलने आपल्या प्ले स्टोअरसाठी केला. तो लागू झाला ३१ मे २०२३ पासून. रिझर्व्ह बँकेच्या इशाऱ्यापासून मोजले तर मधल्या काळात जवळजवळ अडीच वर्षे उलटली होती.

त्या अवधीत गूगल हातावर हात ठेवून बसले होते असे आम्ही म्हणत नाही. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात प्ले स्टोअरवरून कर्जाची २५०० हून अधिक अ‍ॅप्स काढून टाकण्यात आली, अशी माहिती अर्थखात्याने संसदेत दिली आहे. हा आकडा कर्तबगारीचा म्हणून सांगितला जातो. दुकानातून अडीच हजार भेसळीचे डबे उचलले असे एखाद्या दुकानदाराने अभिमानाने सांगितले, तर ते मांडले कोणी, असे आपण त्यास विचारणारच. येथे मात्र तसे विचारण्याचा अधिकार कोणत्याही खात्याकडे स्पष्टपणे नव्हता. एका नियमाने जे दार बंद होऊ शकत होते ते आज बंद करावयाचे की अडीच वर्षांनी, याचा निर्णय सर्वस्वी दुकानदाराच्या मर्जीवर राहिला.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की, कर्जदाराने आपल्या हाताने परवानगी दिली, मग तक्रार कसली? महाराष्ट्राला हा युक्तिवाद नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, तेव्हा माणसांस इजा करण्यापेक्षा रोखे व खतपत्रे हुडकून जाळण्याकडे त्यांचा रोख होता. अक्षरशत्रू कुणब्याने ज्या कागदावर निशाणी केली त्यात काय लिहिले आहे हे त्यास कधी कळले नव्हते. आणि कोर्टात मात्र तीच निशाणी त्याची संमती म्हणून पुढे येत होती. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. न्यायाधीशाने रोख्यावरील निशाणीपाशी न थांबता त्याच्या मागे जावे, व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा आणि खरे देणे किती ते ठरवावे, असे त्या कायद्याने सांगितले. त्याने सावकारी संपली नाही हे खरे. परंतु अडलेल्या माणसाने उमटविलेली खूण ही संमतीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे तत्त्व परकी सरकारच्या कायद्यानेही तेव्हा मान्य केले होते.

आमचे आजचे वाचक अक्षरशत्रू नाहीत. पण अ‍ॅपच्या अटींची पन्नास पाने वाचून मग अंगठा टेकविणारा पदवीधर आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. शाळेच्या सहलीच्या संमतिपत्रांचा गठ्ठा ज्यांनी कधी काळी गोळा केला असेल त्यांस या सह्यांचे मोल ठाऊक असते.

सुदैवाने २०२३ च्या ऑगस्टात संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८७९ चे तत्त्व पुन्हा डोकावते. त्याच्या सहाव्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. एका स्त्रीने दूरवैद्यकाचे अ‍ॅप घेतले. अ‍ॅपने उपचारासाठी तिची माहिती मागितली आणि सोबत कॉन्टॅक्टची यादीही मागितली. तिने दोन्हींस होकार दिला. कायदा म्हणतो, उपचारासाठी ती यादी लागत नाही, सबब तिची संमती उपचारापुरतीच समजावी. अंगठ्यामागे जाऊन पाहणारे हे कलम आहे आणि ते लिहिणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. दुर्दैव एवढेच की, कायद्याचे नियम प्रसिद्ध व्हावयासच नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि संमतीविषयीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात यावयाची असे ठरले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निवाडा दिला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. हक्क सांगितल्यापासून तो बजावता येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे! शिवाय सरकारला वाटेल त्या आपल्या यंत्रणेस या कायद्यातून सूट देण्याची तरतूद सतराव्या कलमात आहेच.

आणखी एक अडचण या कलमानेही सुटत नाही. माझ्या फोनमधील यादी मी कोणास दिली तर मी देतो ते माझे नसते. शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा, विद्यार्थ्याच्या आईचा क्रमांक त्यांनी मला विश्वासाने दिलेला असतो. चारशे माणसांची मालमत्ता एका अंगठ्याने दान होते आणि त्या चारशेंपैकी एकालाही कोणी विचारीत नाही. कर्जाच्या अ‍ॅप्सनी ज्यांस शिवीगाळ केली त्यांतील पुष्कळांनी ते अ‍ॅप जन्मात पाहिले नव्हते.

मग कंपन्यांवरच विसंबावे काय? त्या पहारा उत्तम ठेवतात, पण आपल्या सोयीने. अ‍ॅपलने एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या कंपन्यांच्या अ‍ॅप्स व संकेतस्थळांवरून तुमचा माग काढण्यापूर्वी अ‍ॅपने तुमची परवानगी घेतलीच पाहिजे, असा नियम केला. एवढ्या एका प्रश्नामुळे २०२२ सालात आपल्याला सुमारे हजार कोटी डॉलरांचा फटका बसेल, असे फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने सांगितले. ग्राहकाचे कल्याण झाले यात शंका नाही. तथापि फ्रान्सच्या स्पर्धा-नियामकाने याच योजनेबद्दल ३१ मार्च २०२५ रोजी अ‍ॅपलला १५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. योजनेचा हेतू त्याने चूक म्हटला नाही; दुसऱ्यांना लावलेला जाच हेतूच्या मानाने अवाजवी आणि स्वतःला लावलेला नियम सौम्य, हा त्याचा आक्षेप होता. याच अ‍ॅपलचा ‘संचार साथी’च्या सक्तीस विरोध असल्याचे वृत्त आले तेव्हा अनेकांस धन्य वाटले. याच अ‍ॅपलने २०१७ मध्ये चिनी सरकारच्या नियमांपुढे मान तुकवून तेथील आपल्या दुकानातून व्हीपीएनची अ‍ॅप्स काढून टाकली होती. चिनी ग्राहकाचा खासगीपणा हिंदी ग्राहकाच्या खासगीपणाहून हलका होता असे नव्हे. बाजार आणि सरकार वेगळे होते.

तेव्हा किल्ली सरकारच्या कमरेला लटकवावी, असे मात्र कोणी यावरून समजू नये. किल्ली कंपनीकडेच राहील, कारण प्रणाली तिनेच घडविली आहे. परंतु ती कशी फिरवावयाची याचे नियम उघड्यावर, संसदेत, ठरले पाहिजेत आणि ते मोडले तर जाब विचारणारे कोणी असले पाहिजे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अ‍ॅपल व गूगल यांच्या प्रणाली आणि दुकाने यांस द्वारपाल ठरवून त्यांच्यावर खास कर्तव्ये लादली. आमच्या माहितीसंरक्षणाच्या कायद्यात प्रणालीच्या कर्त्यासाठी वेगळे कलम नाही. ते घालावे लागेल आणि त्यास वेळ लागेल हे आम्ही जाणतो.

त्याआधी एक लहान गोष्ट सरकारला करता येईल. कॉन्टॅक्टची सबंध यादी न देता मालकाने निवडलेली चार नावेच अ‍ॅपला दाखविण्याची सोय आयफोनवर सप्टेंबर २०२४ पासून आहे. म्हणजे हे होण्याजोगे आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर, महागड्या आणि आठ हजारांच्या, सबंध यादी मागण्याचे बटन मिटलेले असावे आणि निवडक नावांचेच उघडे असावे, अशी आज्ञा सरकारने काढावी. कंपन्यांचे पत्ते दूरसंचार खात्याच्या दप्तरी आहेतच. ‘संचार साथी’साठी त्यांस नव्वद दिवसांची मुदत दिली होती, यासही तेवढी पुरावी.