गुडघ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

मुलींनी मैदानात उतरावे यासाठी सरकार आणि संघटना पैसा खर्च करतात. मैदानात उतरलेल्या मुलीचे शरीर टिकते की नाही, याची नोंद मात्र कोणी मागत नाही.

राजगडाचा पाली दरवाजा गडप्रेमींना तोंडपाठ असतो. पायथ्याचे पाली गाव मात्र त्यांना गाडी लावण्यापुरतेच ठाऊक असते. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलही याच जिल्ह्यातले. २०२२ च्या जानेवारीत तेथे महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचे सामने झाले आणि जी सो-युनच्या एकमेव गोलवर दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला उपान्त्यपूर्व फेरीतच घरी पाठवले. त्या दर्जाच्या खेळाडूंच्या मागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशी फौज असते. कोण किती धावली, कोणाचा स्नायू कधी आखडला, याची टिपणे ठेवली जातात. इकडे पाली किंवा शेजारच्या भोर तालुक्यातली एखादी शाळकरी मुलगी तालुक्याच्या सामन्यात चेंडूमागे धावताना एका पायावर गर्रकन वळते, गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखे होते आणि ती खाली बसते. मग हळदीचा लेप, शेक, फार तर गावातल्या हाडवैद्याची मालिश आणि आठ दिवसांची विश्रांती. पुढच्या वर्षी संघाच्या यादीत तिचे नाव नसते. ते का नाही, हे विचारणारा रकाना आपल्या क्रीडाव्यवस्थेच्या कोणत्याच कागदावर नाही.

हा रकाना आता हवा. कारण मुलींच्या फुटबॉलविषयीचा सरकारी उत्साह वाढतो आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींच्या पायात चेंडू देण्याचा उपक्रम महाराष्ट्राने केला. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नवी मुंबईत झाली. १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडे मैदानावर लिओनेल मेस्सीच्या साक्षीने राज्याने ‘प्रोजेक्ट महादेवा’ ही तेरा वर्षांखालील मुलामुलींना हेरून घडवण्याची योजना पुढे आणली. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तीही पात्रता फेरी खेळून. हे सगळे स्वागतार्हच. पण तेरा वर्षांची मुलगी फुटबॉलकडे गंभीरपणे वळते तेव्हाच तिच्या गुडघ्याचा धोक्याचा काळही सुरू होतो, हे योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घेतले आहे काय?

आरोग्याचे गणित चुकले तर खेळाचे काय होते, हे २०२२ च्या त्या आशियाई चषकाने यजमान भारताला दाखवले होते. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. त्यानंतर २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध उतरवायला किमान तेरा खेळाडूही उरल्या नाहीत, इतका करोना संघात पसरला. सामना झाला नाही, संघ स्पर्धेबाहेर गेला आणि २०२३ च्या विश्वचषकाची वाटही बंद झाली. मैदान आपले, प्रेक्षक आपले, वर्षभराची तयारी आपली. ती बुडाली तंदुरुस्तीच्या व्यवस्थेत. करोना निदान दिसला तरी. त्याची चाचणी झाली, आकडा लागला, बातमी झाली. गुडघा एकट्या मुलीचा जातो आणि तो तिचे वैयक्तिक दुर्दैव मानून सोडून दिला जातो.

ते दुर्दैव नाही, हे जगाने गेल्या वीस वर्षांत सिद्ध केले आहे. गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांच्या दोन ते तीन पट असतो. त्यातल्या बहुतेक दुखापती कोणाशी टक्कर न होता होतात. उडी मारून खाली येताना गुडघा आत झुकतो, धावताना एकदम थांबावे किंवा वळावे लागते, मांडीच्या मागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने कमी पडतात आणि सारा ताण त्या एका बंधावर येतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. आर्सेनल या एकाच क्लबच्या चौघी जणी २०२२-२३ च्या मोसमात याच दुखापतीने बाहेर गेल्या. इंग्लंडची कर्णधार लीआ विल्यमसन त्यातच विश्वचषकाला मुकली. आपल्याकडचे उदाहरण मणिपूरच्या बाला देवीचे. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला. स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे असताना २०२१ मध्ये तिचा एसीएल गेला आणि मायदेशातल्या आशियाई चषकात ती खेळू शकली नाही. तिच्यामागे निदान एक व्यावसायिक क्लब होता. शाळकरी मुलीमागे कोण असते?

यावरचा उपाय महाग असता तर सरकारची अडचण समजून घेता आली असती. फिफाच्या वैद्यकीय संशोधकांनी तयार केलेला ‘११+’ हा वॉर्म-अप वीस मिनिटांचा आहे. आठ मिनिटे हलके धावणे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उडीचे व्यायाम, शेवटी दोन मिनिटे वेगाचे धावणे. प्लँक, एका पायावर तोल सांभाळणे, बैठका, उडी मारून गुडघे सरळ ठेवत हलकेच उतरणे. एक चेंडू आणि सपाट जागा यापलीकडे सामान लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर एक अख्खा मोसम त्याची परीक्षा झाली. हा व्यायाम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये साडेचार हजारांवर मुलींच्या अभ्यासात एका गटाला आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचे असेच व्यायाम दिले गेले. २०१२ च्या निष्कर्षांनुसार त्या गटात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. औषधाने एवढा गुण दिला असता तर त्याची जाहिरात एव्हाना एसटीच्या पाठीवर लागली असती. हा व्यायाम विकत घ्यावा लागत नाही, म्हणून त्याला ना विक्रेता आहे ना प्रचारक.

मग संशोधन संपले म्हणायचे का? नाही, आणि आपल्यापुरते तर ते अजून सुरूही व्हायचे आहे. २०१४ ते २०२० या काळातल्या क्रीडाविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकांची छाननी झाली तेव्हा अभ्यासल्या गेलेल्यांत स्त्रिया जेमतेम ३४ टक्के आढळल्या. केवळ स्त्रियांवर केलेले अभ्यास ६ टक्के. पुरुषाचे शरीर मोजायचे आणि निष्कर्ष बाईला लावायचे, हीच रीत. बुटांचेही तसेच. युरोपातल्या आघाडीच्या क्लबांतील ८२ टक्के महिला खेळाडूंनी आपल्या बुटांनी पायांना त्रास होतो असे २०२३ च्या पाहणीत सांगितले, कारण बाजारातला बूट पुरुषाच्या पावलावर बेतलेला असतो. मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यात गुडघ्याचा धोका वाढतो, वाढतो की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. खेळाडूंची जागतिक संघटना ‘फिफप्रो’, इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंची संघटना, नाइके कंपनी आणि लीड्स बेकेट विद्यापीठ यांनी २०२४ मध्ये ‘प्रोजेक्ट एसीएल’ हाती घेतला. त्यात केवळ शरीरच नव्हे, तर मैदाने, प्रवास, विश्रांती आणि व्यायामशाळेची सोयही तपासली जात आहे. मुलीचा गुडघा तिच्या हाडांच्या घडणीने जितका जातो तितकाच तिला वर्षानुवर्षे ताकदीचे व्यायाम न शिकवल्यानेही जातो, ही जाण त्यामागे आहे.

हा धागा आपल्या डोंगराळ तालुक्यांपर्यंत ओढला की प्रश्नांचे रूपच बदलते. युरोपात खेळाडूच्या पाठीवरचे उपकरण तिने मैदानात किती अंतर कापले ते मोजते. वेल्ह्या-भोरच्या मुलीचा दिवसाचा ताण मैदानात मोजून कसा कळणार? पावसाळ्यात, शालेय स्पर्धांच्या ऐन मोसमात, भाताची लावणी असते; चिखलात तासन्‌तास वाकून काम करणारी कंबर आणि मांड्या संध्याकाळी चेंडूमागे धावतात. पाण्याचा हंडा, शाळेची चढउतार, धाकट्या भावंडांचे करणे हा सगळा भार तिच्या सरावात धरायचा की नाही? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे, म्हणजे त्या रक्तक्षयी. थकलेला स्नायू गुडघा सांभाळू शकत नाही. शाळांतून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. ती घेणारी मुलगी खेळाच्या मोसमात पोटभर जेवते का, हे त्याच शाळेत विचारले जाते का? ओल्या मुरमावर, कडक झालेल्या भातखाचरात, साध्या कॅनव्हासच्या बुटांत किंवा अनवाणी खेळताना कोणती दुखापत जास्त होते? ऑस्लोच्या हिरवळीवर याचे उत्तर सापडणार नाही. ते इथेच शोधावे लागेल.

एक धोका आधीच ओळखायला हवा. मुलींच्या दुखापतींची चर्चा सुरू झाली की ‘तरी आम्ही म्हणत होतो’ म्हणणारे पुढे सरसावतात. हा खेळ स्त्रियांना मानवत नाही असे सांगून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली; ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. त्याला दुजोरा द्यायला तेव्हा डॉक्टरही मिळाले होते. आपल्याकडे तेवढ्याही शहाणपणाची गरज पडत नाही. ‘पाय मोडला तर उद्या लग्न कसे जमायचे’ हे एक वाक्य पुरते. नोंद ठेवल्याने ही भीती वाढेल असे कोणी म्हणेल. उलट आहे. आकडे नसतात तेथे एका मुलीचा फाटलेला लिगामेंट साऱ्या गावाचा युक्तिवाद होतो. किती मुली खेळल्या, किती जायबंदी झाल्या, वॉर्म-अपने किती वाचल्या हे सांगता आले तरच आईबापांना विश्वासात घेता येईल.

म्हणून काय करावे हे मोघम सांगून चालणार नाही. पहिले, तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या मुलींच्या प्रत्येक सामन्याआधी वीस मिनिटांचा वॉर्म-अप सक्तीचा करावा आणि तो झाल्याशिवाय पंचांनी शिट्टी वाजवू नये. क्रीडाशिक्षकांना तो शिकवायला एक दिवस पुरतो. अनेक लहान शाळांत क्रीडाशिक्षकच नाही, हे खरे. पण तेथे गणिताच्या बाईही व्यायामांचा हा तक्ता पाहून मुलींकडून करून घेऊ शकतात. दुसरे, दुखापतीचा एकपानी नमुना तयार करावा. वय, खेळ, मैदानाचा प्रकार, पायातले बूट, टक्कर झाली की नाही, किती दिवस खेळ बंद राहिला, मुलगी परतली की नाही. नाव लिहिण्याची गरजही नाही. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी खेळाडूंची कागदपत्रे व्यवस्थेत नाही तरी फिरतातच. त्यात आणखी एक कागद जड होणार नाही.

तिसरे, हे कागद वाचणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, त्यांना कामाला लावावे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालयांतून पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितात. त्यांतल्या काहींनी शहरातल्या दवाखान्याऐवजी भोरच्या मैदानाच्या कडेला मोसम काढला तर मुलींना उपचार मिळतील आणि विद्यापीठाला खरे संशोधन. पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा विधिमंडळाने २०२० मध्ये केला. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यकाचा विभाग आहे, सैन्याची क्रीडासंस्था आहे. एवढी विद्वत्ता एका शहरात एकवटलेली असताना त्याच जिल्ह्यातल्या मुलींच्या गुडघ्यांविषयी नॉर्वेचे आकडे सांगावे लागावेत, हे या संस्थांना शोभणारे नाही. चौथे, ‘प्रोजेक्ट महादेवा’साठी निवडलेल्या मुलींच्या दुखापतींचा आणि पुनरागमनाचा अहवाल सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावा. सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या खेळाडूंबाबत एवढे उत्तरदायित्व किमान आहे.

यातल्या कशालाही नवे स्टेडियम लागत नाही आणि परदेशी ताराही लागत नाही. बहुधा तीच अडचण असावी. ज्यात फीत कापायची संधी नाही, अशा कामाला आपल्याकडे पालक मिळत नाही. तरीही पुढच्या मोसमाअखेरीस प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे दोन याद्या असायला हव्यात, एक जिंकलेल्या मुलींची आणि दुसरी दुखापतीनंतर पुन्हा खेळू लागलेल्या मुलींची. ज्यांच्याकडे दुसरी यादी नसेल त्यांनी महिला फुटबॉलसाठी काही केल्याचे सांगू नये.