एक थेंब रक्त, लेझर आणि पुढे ढकललेली बायोप्सी

“डॉक्टर, आता रक्ताच्या एका थेंबावर लेझर टाकला की कॅन्सर कळतो म्हणे. मग तुकडा कशाला काढायचा?”

तोंडातली जखम महिनाभर भरत नाही म्हणून आलेला रुग्ण हे विचारतो, तेव्हा त्याच्या मोबाईलवर एखादी बातमी उघडलेली असते. तुमच्याही व्हॉट्सॲपवर ती आली असेल. अशी बातमी बहुधा खोटी नसते, पण अर्धी असते. उरलेली अर्धी आज समजून घेऊ.

या तपासणीचे मूळ आपल्याच देशातले आहे. १९२८ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले की पदार्थावर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर ठरतो, म्हणून त्यावरून रेणू ओळखता येतो. अडचण अशी की साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एखादाच कण असा बदलून येतो. एवढ्या क्षीण खुणेवरून रक्तातला सूक्ष्म घटक शोधायचा कसा?

१९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमान, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत चांदीवर बसलेल्या पिरिडीनच्या रेणूंचा सिग्नल विलक्षण ठळक मिळाला. ही वाढ लाखपटीच्या घरात आहे, हे १९७७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. चांदी-सोन्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात, प्रकाशाचा जोर तिथे एकवटतो आणि सिग्नल वाढतो. वाढीचा मोठा वाटा याचाच.

पण धातू एवढ्यावर थांबत नाही. रेणू धातूला चिकटला की लेझरच्या प्रकाशात धातूतला इलेक्ट्रॉन रेणूवर जाऊन काही फेम्टोसेकंदांत परत येऊ शकतो. सेकंदाचे एक अब्ज तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दहा लाख करा. तो एक फेम्टोसेकंद. रेणूच्या एका कंपनालाही वीस-तीस फेम्टोसेकंद लागतात. एवढ्याशा भेटीतही इलेक्ट्रॉन रेणूला हलवून जातो. त्यामुळे सिग्नल आणखी दहा ते शंभरपट वाढू शकतो आणि आलेखातली कोणती रेघ किती उंच दिसेल, तेही बदलते. थोडक्यात, यंत्रावर उमटते ते रेणू आणि धातू या जोडीचे चित्र असते.

या जोडीने तज्ज्ञांनाही चकवले आहे. पॅरा-अमिनोथायोफिनॉल या रेणूच्या चांदीवर काही जादा रेघा दिसत. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी त्यांचे कारण इलेक्ट्रॉनची ही ये-जा असल्याचे सांगितले आणि पुढे अनेक वर्षे ते नेहमीचे उदाहरण बनले. २०१० मध्ये चीनमधल्या शियामेनच्या संशोधकांनी पुरावा मांडला की धातूवर दोन-दोन रेणू जोडले जाऊन नवाच पदार्थ तयार होतो आणि त्या रेघा त्याच्या आहेत. तपासायला ठेवलेला रेणू तपासणीतच बदलला होता!

आता रक्ताकडे या. रक्तात हजारो घटक असतात, पण धातूला जो चिकटतो तोच ठळक दिसतो. म्हणून सीरमच्या आलेखात युरिक ॲसिड आणि हायपोझँथिन पुढे असतात. ग्लुकोज भरपूर असूनही जवळजवळ दिसत नाही. त्यातले हायपोझँथिन, रक्ताची नळी नुसती पडून राहिली तरी पेशींतून बाहेर येऊन वाढते. समजा, रुग्णांच्या नळ्या दोन तास पडून राहिल्या आणि निरोगी लोकांच्या लगेच तपासल्या. दोन्ही गट यंत्राला वेगळे दिसतील. आपण त्याला कॅन्सरची खूण म्हणू, आणि असेल तो फक्त उशीर.

माझे मत विचाराल तर या तंत्राला वेळ आणि पैसा जरूर मिळावा. सोन्याच्या कणावर ओळखीचा रंगरेणू बसवून त्याला अँटिबॉडी जोडायची, ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. कारण तिथे यंत्राला आधीच ठाऊक असलेली खूण शोधायची असते. पण अशी बातमी वाचताना तीन गोष्टी विचारा. सगळ्यांचे नमुने सारख्याच पद्धतीने हाताळले होते का? दुसऱ्या रुग्णालयात, वेगळ्या चिपवर तेच उत्तर आले का? आणि बायोप्सीचा निकाल माहीत नसताना यंत्राने निदान केले का? तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत ती बातमी संशोधनाची आहे, तुमच्या उपचाराची नाही.

बायोप्सीत पॅथॉलॉजिस्ट प्रत्यक्ष पेशी पाहतो. तोंडातली जखम किंवा चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्यास तुकडा काढू द्या. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. लेझरची चाचणी सिद्ध व्हायला आणखी काही वर्षे लागली तरी चालेल. तोंडातली गाठ मात्र तेवढी थांबणार नाही.